पट्ट्याखालचा पांढरा भुगा: जोड-टाक्यांना गंज कुठून लागतो

पुण्याच्या एका डायव्हरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ॲल्युमिनियमच्या दोन ८०च्या (म्हणजे ८० घनफूट हवा मावणाऱ्या) टाक्या स्टेनलेसच्या पट्ट्यांनी जोडलेला ट्विनसेट त्यांनी दोन वर्षांपूर्वी वापरलेला विकत घेतला. सीझनमध्ये तीन-चार वेळा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर समुद्रात डाइव्ह होतात, घरी आल्यावर संच नळीखाली धुतला जातो. यंदा पहिल्यांदाच पट्टे सोडवले, तर खाली पांढरा भुगा निघाला आणि आजूबाजूच्या रंगाला फुगे आलेले दिसले. पट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबचं रबर घाल, असं त्यांना कुणीतरी सुचवलं आहे. ते घालावं का, आणि या टाक्या आता वापराव्यात का, हे त्यांचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. तपासणी होईपर्यंत या टाक्या भरू नका. भरलेल्या असतील तर हळूहळू रिकाम्या करा. एकेका टाकीत साधारण ११ लिटर जागा आणि २०७ बारचा दाब, आणि अशा दोन तुमच्या पाठीवर असतात. भुगा वरवरचा असेलही, बहुतेक वेळा तसाच असतो. पण त्याच्या खाली खड्डा आहे की नाही हे फोटोवरून कळत नाही. तो भाग साफ करून, खोली मोजायच्या गेजने मोजावं लागतं, आणि किती खोलीला टाकी बाद हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. मी सोळा वर्षं मालवणात टाक्या, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर सांभाळतोय, तरी डोळ्याच्या अंदाजाने मी कुठलीही टाकी पास करत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुम्ही विचारताय रबराचं, पण खरा प्रश्न आहे, पट्ट्याखाली खारं पाणी का राहतं आणि राहिलं की तिथे काय होतं. कोकणातल्या पत्र्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं. पत्रा भर पावसात उघड्यावर असतो, पण गंज आधी मधोमध धरत नाही. धरतो तो खिळ्याच्या वायसरखाली आणि जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे. उघडा भाग भिजतो आणि वाळतो. फटीत गेलेलं पाणी तिथेच बसतं. तुमच्या टाकीवर तो वायसर म्हणजे तुमचा पट्टा.

त्या फटीत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक तर स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम हे दोन धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यांची बॅटरी होते. समुद्राच्या पाण्यात या दोघांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असतो, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पट्टा चकचकीत राहतो, टाकी खाल्ली जाते. दुसरं म्हणजे फटीतल्या थेंबभर पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेरून नवा येत नाही, क्लोराइड आत गोळा होतं आणि ते पाणी आंबट, म्हणजे आम्लधर्मी होत जातं. ॲल्युमिनियमच्या डब्यात लोणचं ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच: मीठ आणि आंबट एकत्र आलं की या धातूचं संरक्षक कवच टिकत नाही. पांढरा भुगा म्हणजे विरघळून पुन्हा बसलेलं ॲल्युमिनियम. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो. अशा फुग्यावर नख दाबून बघा, पापडासारखा कुरकुरतो. तो आवाज आला की रंगाखाली काम बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणून सायकलची ट्यूब नको. तिच्यामुळे धातू एकमेकांपासून वेगळे होतात हे खरं, पण ती टाकीला चिकटलेली नसते. रबर आणि टाकी यांच्यामध्ये पाणी शिरतं, आणि पट्ट्याने दाबलेलं असल्यामुळे बाहेर पडत नाही. म्हणजे बॅटरी तोडली, पण फट आणखी रुंद आणि ओली करून ठेवली. तलावाच्या किंवा खाणीच्या गोड्या पाण्यात डाइव्ह करणारे लोक वर्षानुवर्षं ट्यूब वापरतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, कारण त्यांच्या फटीत मीठच नसतं. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो नेत्राणीला लागू पडत नाही.

हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत जस्ताचा मुलामा असलेल्या स्टीलच्या बारा लिटरच्या दोन टाक्या माझ्याकडे होत्या. मी मोठ्या काळजीने पट्ट्याखाली ट्यूब घातली, मेअखेरीस संच धुतला, कोरडा दिसला म्हणून कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. ऑक्टोबरात पट्टे काढले तेव्हा ट्यूबच्या रुंदीइतकी एक पट्टीच्या पट्टी जस्त साफ गेलेलं होतं, त्यात तांबडा गंज आणि बोटाला लागतील असे खड्डे. बाकी टाकी नव्यासारखी. दोनपैकी एक टाकी तपासणीत बाद झाली. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्याकडच्या एकाही संचावर पट्टा राहत नाही.

पावसाळ्याचं इतकं सांगतोय त्यालाही कारण आहे. समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते हवेत ३३ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली तरी ओल ओढून घेतं. शुद्ध मिठाला त्यासाठी ७५ टक्के लागते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा ८५-९०च्या खाली क्वचितच येते, पण तुमच्या पुण्यातही पावसाळी हवा मिठाला पुरेशी ओली असते. म्हणजे डाइव्ह संपली तरी गंज संपत नाही. संच वर्षातून दहा-बारा तास पाण्यात असतो आणि उरलेलं वर्षभर तुमच्या घरात. नुकसान होतं ते घरात.

आता बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगतो. टाकी कशाची आहे, हे पहिलं. ॲल्युमिनियमची भिंत सुमारे १२ मिलिमीटर जाड असते, स्टीलची त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे सारख्याच खोलीचा खड्डा स्टीलला जास्त भारी पडतो. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीवर पांढरा थर आला तर ते जस्त आपलं काम करतंय, तांबडं दिसलं की जस्त संपलं. नुसत्या रंगाच्या स्टीलच्या टाकीवर ओरखडा पडला तर तो त्याच आठवड्यात बुजवावा लागतो. तुम्ही कुठे डाइव्ह करता, किती दिवसांनी, आणि परतीचा प्रवास किती लांबचा, हेही महत्त्वाचं. मुरुडेश्वरहून पुण्याला ओला संच बॅगेत घालून रात्रभर गाडीच्या डिकीत येत असेल, तर घरी धुण्याआधीच बारा तास गेलेले असतात.

टाक्या वापरलेल्या घेतल्या आहेत, म्हणून एक गोष्ट लगेच पाहा. टाकीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, पहिल्या चाचणीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ते १९९०च्या आधीचं असेल, तर टाकी ६३५१ या जुन्या मिश्रधातूची असण्याची शक्यता आहे. त्या धातूच्या टाक्यांना मानेशी हळूहळू वाढणाऱ्या भेगा पडतात. तशी निघाली तर पट्ट्यांचा विचारच करू नका, मी ती टाकी हातात घेणार नाही. हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची, तारीखही तिथेच दिसेल. ती चाचणी पेसोची (दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता असलेल्या केंद्रातच करायची. पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे, मान्यताप्राप्त केंद्रांची चौकशी तिथून करता येते.

पट्टे काढताना एक काळजी. पट्टे सैल असताना संच उभा करू नका आणि उचलू तर मुळीच नका. सगळा भार दोन व्हॉल्व्हना जोडणाऱ्या नळीच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, दांड्यावर येतो, आणि तो वाकला किंवा त्याच्या ओ-रिंग (रबरी कड्या) चिरडल्या की नवीन खर्च उभा राहतो. जमिनीवर जाड चादर टाका, संच आडवा ठेवा, टाक्या रिकाम्या करा, आयसोलेटर (मॅनिफोल्डच्या मधला, दोन टाक्या वेगळ्या करणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवा. पट्टे कुठे बसले होते त्या कडांवर मार्करने खुणा करा, कारण दोन पट्ट्यांच्या बोल्टमधलं अंतर बॅकप्लेटच्या (संच जिला अडकतो त्या पाठीवरच्या पत्र्याच्या) भोकांइतकं, म्हणजे ११ इंच, पुन्हा जुळवावं लागतं. मग नट सोडून पट्टे तळाकडून सरकवत काढा. मॅनिफोल्डही काढणार असाल तर ते काम सर्व्हिस करणाऱ्याकडून करून घ्या, ओ-रिंग त्याच वेळी बदलून होतात.

भुगा नायलॉनच्या ब्रशने आणि कोमट पाण्याने काढा. चिकटून बसला असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून पाच मिनिटं लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे फक्त ॲल्युमिनियमसाठी. जस्ताच्या टाकीला व्हिनेगर, लिंबू, चिंच यातलं काहीही लावायचं नाही. पितळ उजळायच्या सवयीने लोक व्हॉल्व्हबरोबर टाकीलाही चिंच फासतात, आणि जस्त डोळ्यांदेखत विरघळतं. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून नवा गंज सुरू होतो. आणि खड्डा दिसला तर तो घासून सपाट करू नका. तपासणाऱ्याला तो आहे तसा दिसायला हवा.

तपासणीत टाक्या पास झाल्या असं धरून पुढचं सांगतो. टाकीला रंग लावायचा मोह होईल. इथे एक गोष्ट आहे जी बोटींच्या यार्डात मला एका जुन्या फोरमनने शिकवली, आणि ती आधी उलटी वाटते. दोन धातूंपैकी एकालाच रंग लावायचा असेल तर जो झिजत नाही त्याला लावा. टाकी रंगवली आणि पट्टा उघडा ठेवला, तर रंगाला पडलेल्या एका बारीक ओरखड्यावर सगळ्या पट्ट्याचा मारा एकवटतो आणि तिथे टाचणीने टोचल्यासारखा खोल खड्डा होतो. पट्ट्याला इपॉक्सी लावली आणि ती कुठे सोलली, तर उघडं पडतं ते थोडंसं स्टेनलेस, आणि समोर टाकीचा मोठा पृष्ठभाग. नुकसान पसरतं, खोल जात नाही. म्हणून मी आधी पट्ट्याची आतली बाजू आणि कडा इपॉक्सीने रंगवतो. टाकीवर फुगे आलेला भाग खरवडून, ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर आणि हवेत वाळणारा रंग लावतो. ठोकलेले आकडे रंगाखाली बुजू देत नाही.

भट्टीत भाजलेला पावडर कोटिंगचा रंग मात्र ॲल्युमिनियमच्या टाकीला कधीही देऊ नका. ही टाकी १७६ अंश सेल्सियसच्या वर तापली की तिची ताकद गेली असं धरतात, आणि पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. माझ्याकडे एकजण अशाच दोन सुंदर काळ्या टाक्या घेऊन आला होता. बाहेरून बघून काहीच कळत नव्हतं. दोन्ही बाद कराव्या लागल्या. खिडकीच्या ग्रिलला करतात तसं करून आणलं, असं तो माणूस सांगत होता आणि त्याचा चेहरा अजून आठवतो.

पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये थर हवा असेल तर तो टाकीला घट्ट चिकटणारा हवा, म्हणजे त्याच्याखाली पाणी शिरायला जागा राहत नाही. पाइपलाइनवर गुंडाळतात ती जाड व्हिनाइल टेप चांगली. मी अलीकडे गाड्यांच्या रंगावर लावतात ती पारदर्शक फिल्म वापरतो, कारण तिच्याखाली पांढरा ठिपका उमटला तर पट्टा न काढताही कडेला दिसतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जास्त रुंदी ठेवायची, टाकी पूर्ण कोरडी आणि तेलकटपणा काढलेली असताना, एकही सुरकुती न पडू देता लावायची. कड सुटलेली दिसली की फिल्मचं आयुष्य संपलं. सुटलेली फिल्म म्हणजे पुन्हा सायकलची ट्यूबच.

बोल्टना ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस नट अडकून बसतो आणि पुढच्या वर्षी करवतीने कापावा लागतो. लॅनोलिनचं ग्रीस उत्तम. तांब्याचं किंवा ग्राफाइटचं काळं ग्रीस इथे नको, कारण तांबं आणि ग्राफाइट दोन्ही ॲल्युमिनियमला आणि जस्ताला खायला लावतात. आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) किंवा ऑक्सिजन भरून घेत असाल तर हे ग्रीस व्हॉल्व्हच्या जवळपासही जाता कामा नये. मी क्रम असा ठेवतो: व्हॉल्व्हचं काम आधी पूर्ण करायचं, तोंडं झाकायची, मग बोल्ट आणि ग्रीस. उलटं केलं तर एक बोट पुसायचं राहतंच.

बोटीला लावतात तसा जस्ताचा तुकडा पट्ट्यावर बसवला तर, असं मला बरेच जण विचारतात. गोव्यात मी ट्रॉलरच्या बुडाला असे कित्येक झिंक बसवले, ते चालतात याबद्दल शंका नाही. पण तो तुकडा काम करतो तो पाण्यातून. बोट चोवीस तास पाण्यात असते. तुमचा संच डाइव्हच्या दिवशी फार तर दोन तास. बाकी वेळ ओल असते ती पट्ट्याखाली केसाएवढ्या जाडीची, आणि वीतभर लांब लावलेल्या झिंकपर्यंत त्या ओलीचा रस्ताच पोचत नाही. लावल्याने बिघडणार नाही, पण त्याच्या भरवशावर पट्टे काढणं सोडू नका.

धुण्याबद्दल. नळीचं पाणी पट्ट्यावरून वाहून जातं, खाली जात नाही. संच गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, निदान अर्धा तास, मधून मधून वळवत. कोमट पाणी असेल तर आणखी चांगलं. किनाऱ्यावर धुणार असाल तर पाणी आधी चाखून बघा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने धुतलेला संच वाळला की पुन्हा मीठ घेऊनच बसतो. बोटीवरच्या ज्या टबात दिवसभर सगळ्यांचे रेग्युलेटर आणि सूट बुडवले जातात, ते पाणी संध्याकाळपर्यंत अर्धा समुद्र झालेलं असतं, त्यात टाक्या बुडवून समाधान मानू नका. भिजवल्यावर संच तिरका ठेवून पाणी निथळू द्या. पट्ट्याच्या कडेने हवेचा हलका झोत मारला की किती पाणी बाहेर उडतं ते एकदा बघा, मग धुण्याची पद्धत आपोआप बदलेल. सपाट बुडाच्या तुमच्या टाक्यांना खाली प्लॅस्टिकचे बूट असतील तर तेही काढून धुवा. गोल बुडाच्या स्टीलच्या टाक्यांना तर बुटात साचलेल्या पाण्यानेच पहिला गंज लागतो.

घरी ठेवताना दोन्ही टाक्यांत २०-३० बार हवा राहू द्या, म्हणजे आत दमट हवा शिरत नाही. लादीवर थेट नको, लाकडी फळीवर. वर प्लॅस्टिक नको, सुती चादर. शेवटच्या ट्रिपनंतर, पावसाआधी, पट्टे काढून वेगळे ठेवा आणि सीझन सुरू होताना पुन्हा बसवा. वर्षातून एक संध्याकाळ जाते. व्हिज्युअल तपासणी मी दर वर्षी याच वेळी करून घेतो, पट्टे काढलेलेच असतात.

पट्टे परत बसवताना नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, आणि संच सपाट जागेवर ठेवून दोन्ही टाक्यांचे तळ एका रेषेत आहेत का बघा. मॅनिफोल्डवर पीळ राहिला तर आयसोलेटर जड फिरतो, तो हाताला लगेच कळतो. पट्टा हाताने ढकलून सरकता कामा नये, एवढं आवळलं की पुरे. कचकचून आवळल्याने फिल्म फाटते आणि दुसरं काही साधत नाही.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात: खांद्यावर ठोकलेल्या तारखा, आणि भुगा धुतल्यानंतर त्या जागेचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो. फोटोवरून टाकी पास करणार नाही हे वर सांगितलंच आहे. पण गंज पट्ट्याच्या कडेला आहे की मधोमध, हे त्यात दिसेल, आणि त्यावरून पाणी कुठून शिरत होतं ते सांगता येईल. कडेला असेल तर धुण्यात कमी पडताय. मधोमध असेल तर तो बहुधा आधीच्या मालकाच्या काळापासून आहे, आणि तपासणाऱ्याला तसं सांगून त्याच जागी आधी गेज लावायला सांगा.